उघड्या तोंडाची भट्टी

४ जानेवारी

मामा,

डोके तुमच्या पायांवर ठेवते. मान मात्र आज ताठ आहे, तेवढी क्षमा करावी.

तुमच्या ओतशाळेतील थोरली भट्टी तीन महिन्यांपूर्वी बंद झाली, हे तुमच्या कानी आलेच असेल. तिच्यात बिघाड काहीच नव्हता. तिला पोसणे परवडेना. विजेचा दर दोन वर्षांत दुप्पट झाला. आपण भंगार वितळवून त्याचे नुसते पातळ लोखंड करतो, तेवढ्याच खर्चात पंपाची तयार बॉडी परदेशातून बोटीने येऊन धक्क्याला लागते. एकोणीस माणसे घरी गेली. आता धाकटी भट्टी उरली आहे आणि तिच्या आधाराने त्रेचाळीस घरे.

भट्टीखाते वर्षभरापासून माझ्याकडे आहे, म्हणून मालकांनी मलाच बोलावले. म्हणाले, "तुमचा दोष नाही बाई. पण टनाला सातशे साठ युनिट खाणारी भट्टी मी नाही सांभाळू शकत. मार्चच्या शेवटच्या आठवड्याची सरासरी सहाशे वीसच्या आत आणा. नाहीतर एप्रिलपासून बोटीचा माल घेतो आणि धाकटीला कुलूप लावतो."

मी पंधरा दिवस मीटरपाशी उभी राहून शोध घेतला, मामा. वीज कुठे जाते ते डोळ्यांना दिसते, अंगाला भाजते: भट्टीचे तोंड दिवसभर उघडे असते. तिथून निघणारी धग छप्पर तापवते आणि आकाशाला जाते. मी जाड अस्तराचे झाकण करून घेतले, वर उचलायला साखळी आणि वजन लावले. पण ते अजून कोपऱ्यातच पडून आहे. तुमचा पट्टशिष्य, ज्याच्या आवाजामुळे सगळे त्याला तोफ म्हणतात, तो भिंतीकडे बोट दाखवतो. तिथे तुम्ही तैलरंगात लिहून ठेवले आहे: 'झाकलेल्या धातूवर भरवसा ठेवू नये.'

"ताई," तो म्हणाला, "झाकण घालायचं तर मास्तरांची चिठ्ठी आणा. दोन ओळी पुरेत."

त्या दोन ओळी मागायला हे पत्र आहे.

तुमची भाची

*

१२ जानेवारी

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. माझा हात अलीकडे स्थिर नसतो, म्हणून मी सांगतो आहे आणि सूनबाई लिहीत आहे. अक्षर तिचे, शब्द माझे.

दोन ओळी मागितल्यास, त्यांचे उत्तर एका शब्दात देतो: नाही.

त्या भिंतीवरचे वाक्य मी हौसेने रंगवलेले नाही. मी भट्टीमास्तर झालो त्याच्या दुसऱ्याच वर्षी आमच्या भट्टीवर झाकण होते. आत काय शिजते आहे ते न पाहता आम्ही ओतले. धातू हवा तितका तापलेला नव्हता. दोनशे अठरा बॉड्या चाचणीच्या पाण्याखाली घामासारख्या पाझरल्या आणि मालाच्या गाड्या उलट पावली परतल्या. त्या दिवशी मी स्वतःच्या हातांनी झाकण काढून भंगारात टाकले. धातू रंग बदलतो, बाळे. आधी तांबूस, मग केशरी, मग पिकल्या उन्हासारखा. आणि ओतण्याच्या क्षणी त्याला जे पांढरे तेज येते, त्याचे वर्णन मी आजवर कोणत्याही शास्त्रात वाचलेले नाही. पूर्वजांनी अग्नीला अतिथी म्हटले. अतिथीच्या तोंडावर कोणी पडदा टाकतो काय?

तू शिकलेली आहेस, याचा मला अभिमान आहे. पण तू मीटर पाहतेस, धातू पाहत नाहीस. काटकसर अवश्य कर. ती साधना डोळे मिटून करू नकोस.

नित्य प्रार्थनेत तुझे स्मरण असते.

मामा

(वन्सं, मी मध्येच एक ओळ घुसडते. मामंजींनी हे सांगताना चार वेळा 'नाही' खोडायला लावलं आणि पाचव्यांदा लिहायला लावलं. — वहिनी)

*

२५ जानेवारी

मामा,

तुमच्या 'नाही'ने मला चार दिवस राग आला. पाचव्या दिवशी मी काम सुरू केले.

रविवारी सुटी असते. मी तोफेला आणि त्याच्या जोडीदाराला विनवून बोलावले. एकदा धातू वितळवून तो तासभर उघड्या तोंडाने नुसता गरम ठेवला: पंच्याण्णव युनिट गेले. पुढचा तास झाकण घालून: अडतीस. तोफेने मीटरवर तीनदा टकटक केली, जणू आत कोणी झोपले आहे.

"आकडा खरा आहे ताई," तो म्हणाला. "पण आकडा ओतता येत नाही. ओततात लोखंड."

"मग तापमान मोजायची सळई कशाला ठेवलीय आपण? शोभेला?"

"सळई खोटं बोलत नाही, पण उशिरा बोलते. आणि एका घाण्याला दहा वेळा बुडवली तर तिचं टोकच जळून जातं. मास्तर आधी बघून सांगायचे, सळई मागाहून मान डोलवायची."

माझा त्याच्यावर विश्वास बसेना, म्हणून मी कपाटातल्या जुन्या नोंदवह्या काढल्या. भट्टीतून दिवसाला सहा घाणे, म्हणजे सहा हीट, निघतात. प्रत्येकीला तुम्ही सांगितलेले तापमान आणि सळईने दाखवलेले, अशा दोन रकान्यांत सगळे टिपलेले आहे. मामा, तुमच्या पहिल्या वीस वर्षांत तुमची चूक तीस-चाळीस अंशांपर्यंत जाते. शेवटच्या पाच वर्षांत मात्र ती दहा अंशांच्या पुढे एकदाही गेलेली नाही. एकदाही नाही. वय वाढत गेले तशी तुमची नजर धारदार होत गेली, हे पाहून मी वहीला नमस्कार केला.

तेव्हा माझा हट्ट मी सोडते. निम्मा सोडते. झाकणात मी काचेची खिडकी बसवून घेते, उष्णता सोसणाऱ्या निळ्या काचेची. तुम्ही फक्त एवढे सांगा: त्या पाच वर्षांत तुम्ही नेमका कोणता रंग पाहत होता? केशरीच्या किती पुढचा? कडेचा की मधला? त्या रंगाला जुळेल अशीच काच मी मागवीन. भिंतीवरचे तुमचे वाक्यही राहील आणि भट्टीही.

उत्तर लवकर द्यावे. दिवस धावत आहेत.

तुमची भाची

*

१६ फेब्रुवारी

वन्सं,

मामंजींना न सांगता लिहितेय, म्हणून थोडक्यात.

तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. काचेच्या खिडकीचं वाक्य आलं आणि त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "पुन्हा वाच," म्हणाले. पुन्हा वाचलं. तेव्हापासून तीन वेळा उत्तर सांगायला बसले आणि तिन्ही वेळा कागद माझ्या हातातून घेऊन फाडले. जेवण निम्म्यावर आलंय. काल मी विचारलं, "तब्येत बरी नाही का?" तर म्हणाले, "तब्येत उत्तम आहे. अहंकाराला ताप आला आहे."

तुम्ही रागावू नका. त्यांना आणखी थोडा वेळ द्या. आणि मी लिहिलं हे त्यांना कळू देऊ नका, नाहीतर लेखनिकाची माझी नोकरी जाईल.

वहिनी

*

२० फेब्रुवारी

चि. भाचीस,

हे पत्र सूनबाईच्या हातचे आहे, कारण माझा हात कापतो, असे मी तुला मागे कळवले होते. ते असत्य होते. माझा हात आजही दगडासारखा स्थिर आहे. मला कागदावरची ओळ दिसत नाही.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे: त्या पाच वर्षांत मी कोणताही रंग पाहत नव्हतो.

भट्टीच्या तेजाकडे आयुष्यभर रोखून पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत पडदा येतो. माझ्या येऊ लागला तेव्हा दोन पावलांवरचा माणूस मला ओळखू येई; पण भट्टीत डोकावले की तांबूस, केशरी, शुभ्र, सगळे एकाच दुधात कालवल्यासारखे दिसे. वैद्यांकडे जावे तर मास्तरपद जाणार. पदाचा मोह होता, हे खरे. पण त्याहून मोठा मोह होता तो 'मास्तरांची नजर' या दोन शब्दांचा. निवृत्तीनंतर शस्त्रक्रिया करून घेतली. उजव्या डोळ्याला थोडे परत मिळाले, डाव्याला उशीर झाला होता.

मग ओतले कशाच्या भरवशावर? कानांच्या आणि तळपायांच्या. पहिले काही आठवडे मी भयाने मेलो. मग एके दिवशी ध्यानात आले की भट्टी बोलते, आणि मी वीस वर्षे तिच्याकडे केवळ पाहत बसलो होतो. कच्चे भंगार आत असते तेव्हा तिचा घुमारा खडखडतो, तुटक असतो. सगळे वितळले की तो एकसंध होतो, तंबोऱ्याच्या तारेसारखा. त्यानंतर काही वेळ शांतता. मग तळातून बारीक खदखद सुरू होते, वरची मळी पातळ होऊन सरकते आणि तिचा चरचराट थांबतो. खदखद सुरू होऊन तिने लय धरली, आणि उभे राहण्याच्या लोखंडी पट्टीतून पायांना ती जाणवली, की चौदाशे ऐंशी अंश. मी तोंडाशी वाकून पाहण्याचा आविर्भाव करी. ते नाटक होते. काम श्रवणाचे चालले होते.

भक्तीच्या नऊ पायऱ्यांत पहिली श्रवणाची आहे, हे मी कित्येकांना समजावून सांगितले आहे. स्वतःच्या भट्टीपाशी ते मला अंध झाल्याखेरीज समजले नाही. आणि समजले तेव्हाही मी कोणाला सांगितले नाही. भिंतीवरचे वाक्य तसेच ठेवून आलो. ज्या दोनशे अठरा बॉड्या पाझरल्या, त्यांचा दोष झाकणाचा नव्हता. ऐकायला न शिकलेल्या मास्तराचा होता. आज त्या वाक्यापायी त्रेचाळीस घरांची चूल विझणार असेल, तर माझे इतक्या वर्षांचे नामस्मरण त्या छपरातून निघून जाणाऱ्या धगीइतकेच वाया गेले.

तेव्हा माझी आज्ञा समज किंवा प्रायश्चित्त समज: खिडकी बसवू नकोस. झाकण घाल. ते बंद असले की तोंडातून उठणाऱ्या भभक्याचा आवाज कानांवर येत नाही, घुमारा अधिक स्वच्छ येतो. भिंतीवरचे वाक्य पुसून टाक. आणि हे पत्र सर्वांसमोर, मोठ्याने, एकही शब्द न गाळता वाच.

लोक काय म्हणाले ते मला कळव. तेही न गाळता.

मामा

*

८ मार्च

मामा,

न गाळता कळवते.

जेवणाच्या सुटीत सगळ्यांना भट्टीपाशी बोलावले आणि वाचले. 'मी कोणताही रंग पाहत नव्हतो' ही ओळ मी मुद्दाम मोठ्याने वाचली.   मी तोफेकडे पाहायचे टाळत होते.

वाचून होताच सर्वांआधी तोच बोलला, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात. "म्हणजे इतकी वर्षं मी मास्तरांसारखी मान वाकडी करून, एक डोळा बारीक करून बघतोय... आणि त्यांना काहीच दिसत नव्हतं?"

साचेवाल्यांपैकी एक म्हणाला, "मग तुला तरी कुठं काय दिसतं? मागच्या महिन्यात पन्नास अंशांनी चुकलास!"

तेवढ्यावर हसू फुटले, मामा, आणि थांबेचना. तोफ स्वतः पोट धरून खाली बसला. डोळे पुसत उठला आणि म्हणाला, "पुन्हा वाचा ताई. ती खदखदीची ओळ. सावकाश."

त्याने झाकण स्वतःच्या हाताने खाली सोडले. पंखे बंद करायला लावले. पट्टीवर उभा राहिला, डोळे मिटून. पहिल्या हीटला तो पस्तीस अंशांनी चुकला. दुसऱ्या दिवशी वीस. तिसऱ्या दिवशी हात वर करून ओरडला, "चौदाशे शहाऐंशी!" आणि सळईने दाखवले चौदाशे ब्याऐंशी. चार अंश! त्या आरोळीने छपरावरची कबुतरे उडाली. आता सहा जण ऐकायला शिकत आहेत. पट्टीवर जागा मिळवायला भांडणे होतात. "सरक, तुझ्या बुटांची करकर ऐकू येते मला," असे एकमेकांना बजावतात.

वाक्य पुसायला कोणी तयार होत नव्हते. अखेर तोफेनेच ब्रश घेतला. म्हणाला, "मास्तरांनी सांगितलंय म्हणून पुसतोय. मला लाज वाटते म्हणून नाही."

तुमच्याविषयी कोणी एक वावगा शब्द काढला नाही. एवढेच एकाने विचारले, "मास्तर एवढी वर्षं हे एकटेच घेऊन फिरले?"

आता आकडा. सातशे साठवरून सहाशे पंचावन्न, मग सहाशे चौतीस. आणि तिथे गाडी रुतली आहे. आठ दिवस झाले, चौतीसच्या खाली येत नाही. शेवटचा आठवडा तोंडावर आला आहे. मी अस्तर तपासले, तारा तपासल्या, झाकणाच्या कडा बुजवल्या. पुढे काय करावे ते सुचत नाही.

तुमची भाची

*

१४ मार्च

चि. भाचीस,

पत्र सूनबाईने चार वेळा वाचले. 'चार अंश' हे शब्द मी सहा वेळा वाचायला लावले.

उपाय तू मीटरमध्ये शोधतेस. मला एक सांग: धातू तयार झाला की तो किती वेळ ताटकळतो? माझ्या काळी मी रंग जुळल्याचे सांगितले की मग साचेवाले हलत. कोणी हातमोजे शोधी, कोणी साच्यावरची वाळू झाडी, कोणी धातू वाहून नेणाऱ्या डोलची वाट मोकळी करी. आठ-दहा मिनिटे सहज जात आणि तेवढा वेळ भट्टी तयार अन्नाला आंच देत बसे. पाहणाऱ्याला तयार झाल्यावरच कळते. त्याला इलाज नव्हता. ऐकणाऱ्याला मात्र आधी कळते. घुमारा एकसंध झाल्यापासून खदखद लय धरीपर्यंत किती मिनिटे जातात, ते तोफेला मोजायला सांग. तेवढी मिनिटे आधीच त्याने साचेवाल्यांना हाक द्यावी. त्याला देवाने तो आवाज काही उगाच दिलेला नाही.

मामा

*

१ एप्रिल

मामा!

पाचशे सत्त्याण्णव.

आधी आकडा लिहिला, मग बसले. शेवटच्या आठवड्याची सरासरी पाचशे सत्त्याण्णव युनिट.

तेरा मिनिटे निघाली, तुम्ही विचारलीत ती. आता घुमारा जुळला की तोफ पट्टीवरून गरजतो, "साचे!" आणि सगळे जागेवर उभे राहतात. तेराव्या मिनिटाला झाकण वर जाते, सळई एकदाच बुडते आणि धातू थेट साच्यात. त्या आठवड्यात एकही बॉडी पाझरली नाही. एकही नाही, मामा.

मालक काल स्वतः आले. आकडा त्यांनी माझ्याकडून ऐकला नाही. मीटरपाशी जाऊन वाचला, वहीशी ताडला. मग म्हणाले, "मलाही ऐकवा." तोफेने त्यांना पट्टीवर उभे केले, बूट काढायला लावले. मालक मोज्यांवर, डोळे मिटून, आणि मागे अख्खे खाते. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "आता?"

"नाही मालक. अजून कच्चं आहे."

"आता?"

"आता तुम्हीच सांगा."

मालकांनी सांगितले चौदाशे ऐंशी. सळई म्हणाली चौदाशे दहा. "राहू द्या," तोफ म्हणाला, "तुम्ही ऑफिसच सांभाळा." मालक इतके हसले की त्यांना खाली उतरवायला हात द्यावा लागला.

उतरल्यावर त्यांनी तिथेच, सगळ्यांसमोर सांगितले: बोटीच्या मालाचा करार ते करणार नाहीत. आणि थोरलीलाही असेच झाकण करा. ती पुढच्या सोमवारी सुरू होईल.

मी घरी गेलेल्या एकोणीस जणांना निरोप धाडले. तिघे दुसऱ्या कामाला लागले आहेत, त्यांतला एक गहिवरून म्हणाला, "मी येत नाही, पण मला बोलावलंत हे घरी सांगेन." सोळा जण येत आहेत. त्यांना ऐकायला शिकवण्याची जबाबदारी तोफेने घेतली आहे. म्हणतो, पहिल्या दिवशी सगळ्यांना पट्टीवर रांगेत उभे करणार, अनवाणी.

तुम्ही या, मामा. सगळ्यांची हीच इच्छा आहे. खुर्ची कुठे ठेवायची यावर आताच तीन मते झाली आहेत.

तुमची भाची

*

५ एप्रिल

चि. भाचीस,

परमेश्वराने माझी एवढी वर्षे वाया जाऊ दिली नाहीत, म्हणून आज पहाटेची प्रार्थना दुप्पट झाली. सूनबाई म्हणते, तिप्पट झाली आणि चहा गार झाला.

सोमवारी मी येत आहे. गाडीचे तिकीट काढले. सोबत सूनबाई येईल.

खुर्चीचा वाद मिटवून टाक. मला खुर्ची नको. मी सत्तावीस वर्षे त्या खात्याचा मास्तर होतो आणि अखेरच्या वर्षांतही माझी चूक दहा अंशांपर्यंत जाई. तोफेची तीन दिवसांत चार अंशांवर आली. हिशेब सरळ आहे. त्याला सांग की सोळा जणांच्या रांगेत सतराव्याला जागा ठेव. बूट मी दाराशी काढून येईन. आणि चुकलो, तर त्याने मला सर्वांसमोर, त्याच्या त्या आवाजात, खुशाल रागवावे.

मामा